डोंगरातले गुडघे आणि सोनोग्राफी

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत गुडघेदुखीला सहसा कोणी आजार म्हणत नाही. ‘गुडघे धरलेत’, ‘वात आहे’, ‘आता वय झालं’ एवढे म्हणून माणसे पुन्हा कामाला लागतात. अगदीच चालवेनासे झाले की दवाखाना. तिथे एक्स-रे निघतो, त्यावर ‘झीज’ असा शेरा मिळतो, दुखणे थांबवायच्या गोळ्या मिळतात आणि ‘पुढेमागे ऑपरेशन करावं लागेल’ हे वाक्य कानी पडते. ऑपरेशनचे नाव निघाले की पुष्कळ जण दवाखान्याचा रस्ता सोडतात. गोळ्या मात्र सुटत नाहीत. औषधाच्या दुकानातून त्या वर्षानुवर्षे येत राहतात आणि त्यांचा भार पोटावर नि मूत्रपिंडांवर पडत राहतो.

या सगळ्यात एक गोष्ट कोणी विचारलेलीच नसते: आज या गुडघ्यात नेमके काय दुखते आहे? झीज तर दहा वर्षांपासून होती, मग गेल्या महिन्यातच चढण का चढवेना? एक्स-रेत डावा गुडघा जास्त खराब दिसतो आणि दुखतो उजवा, असे का? या प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा हाडात नसतात. ती सांध्याच्या अस्तरात, साठलेल्या पाण्यात, जागा सोडलेल्या चकतीत असतात, आणि तिथे पाहायला सोनोग्राफी उपयोगी पडते. ही पुस्तिका त्या तपासणीची ओळख करून देण्यासाठी आहे. तिचे म्हणणे थोडक्यात असे की, झिजलेल्या गुडघ्यातही बरे करता येण्याजोगे काही ना काही असू शकते आणि ते शोधल्याशिवाय रुग्णाला घरी पाठवू नये.

हा विषय मोठ्या शहरातल्या रुग्णालयांतून न मांडता या दोन तालुक्यांतून का मांडायचा, हे आधी सांगायला हवे. रायगड म्हटले की लोकांना अलिबाग-मुरुडचा किनारा आठवतो. कर्जत-खालापूरला समुद्र नाही. एका अंगाला सह्याद्रीची भिंत, दुसऱ्या अंगाला माथेरानचा डोंगर आणि मधून उल्हास नि पाताळगंगेची खोरी. सपाटीला भातखाचरे, उताराला वरकस जमीन आणि ठिकठिकाणी ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या. कर्जतचे भात संशोधन केंद्र १९१९ पासूनचे; ‘कर्जत’ नावाची भातबियाणी कोकणात सगळ्यांच्या ओळखीची आहेत. त्या भाताची लावणी अजूनही बहुतेक शेतांत हातानेच होते. लावणीच्या दिवसांत बाई सकाळी चिखलात उतरते ती दिवेलागणीला वर येते. पाय घोट्याच्या वर रुतलेले, अंग कमरेत वाकलेले, आणि प्रत्येक पावलाला चिखलातून पाय उपसून मागे टाकायचा. मागे सरकताना गुडघा वाकलेला असतो आणि किंचित पिळलाही जातो. तो पीळ गुडघ्यातल्या चकतीला सोसावा लागतो.

दिवाळी झाली की अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. विटा पाडण्याचे काम उकिडवे बसून चालते. साच्यात चिखल भरायचा, साचा पालथा करायचा, बसल्या बसल्याच हातभर पुढे सरकायचे आणि पुन्हा भरायचा. एरवी रानातून सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन उतार उतरायचा. चढापेक्षा उतार गुडघ्याला जड जातो, कारण अंगाचा आणि डोक्यावरच्या ओझ्याचा भार प्रत्येक पावलाला वाकलेल्या गुडघ्यावर थोपवून धरावा लागतो. माथेरानला दस्तुरी नाक्याच्या पुढे पर्यटकांच्या गाड्या जात नाहीत. सामान माणसांच्या डोक्यावर चढते आणि पर्यटक घोड्यावर किंवा हातरिक्षात बसत आले. हातरिक्षा बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. हे फार आधी व्हायला हवे होते. पण ज्यांनी आयुष्यभर रिक्षा ओढली, त्यांचे गुडघे आदेशाने बरे होणार नाहीत. त्यांच्याकडे वैद्यकालाच पाहावे लागेल.

उकिडवे बसण्याचा आणि झिजेचा संबंध बीजिंगमध्ये तपासला गेला आहे. तिथल्या वृद्धांना पंचविशीच्या सुमारास रोज किती वेळ उकिडवे बसत होता असे विचारले. जे अधिक वेळ बसत होते त्यांच्यात मांडीचे हाड आणि नडगी यांच्यामधल्या सांध्याची झीज अधिक आढळली. हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी याच संशोधकांना बीजिंगच्या स्त्रियांमध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या स्त्रियांपेक्षा गुडघ्याची झीज जास्त दिसली होती, आणि बीजिंगच्या स्त्रिया अंगाने त्यांच्यापेक्षा बारीक होत्या. गुडघे लठ्ठपणानेच जातात, हा समज त्यामुळे अपुरा ठरतो. राबणाऱ्या, बारीक अंगाच्या माणसाचे गुडघेही जातात.

महाराष्ट्रात या विषयाची पायाभरणी पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला झाली. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ उपक्रमाखाली तिथे घरोघर सर्वेक्षण सुरू केले. चार हजारांहून अधिक प्रौढांना विचारले गेले: कुठे दुखते, किती दिवस दुखते, कोणते काम अडते. सांधेदुखी हे केवळ शहरातल्या सुखवस्तू माणसांचे दुखणे नसून खेड्यातल्या कष्टकऱ्यांचेही आहे, हे त्यातून ठळकपणे पुढे आले. पुढे देशातल्या पाच ठिकाणी झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चाळिशी ओलांडलेल्यांपैकी २८.७ टक्के लोकांना गुडघ्याचा झिजेचा संधिवात आढळला. जगभराचा २०२० सालचा अंदाज ५९ कोटी ५० लाखांचा आहे, मात्र त्यात सगळ्या सांध्यांची झीज धरलेली आहे. इतक्या लोकांना जडलेल्या दुखण्याला ‘वय झालं’ म्हणून सोडून देता येत नाही.

आता दुखण्याकडे वळू. मांडीचे हाड आणि नडगी जिथे एकमेकांवर टेकतात तिथे दोन्हींच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. दोहोंमध्ये आत आणि बाहेर अशा दोन अर्धचंद्राकृती चकत्या बसवलेल्या असतात. त्या भार पसरवतात. हे सगळे एका पिशवीत बंद असते. पिशवीच्या आतले अस्तर वंगणासारखा द्रव पाझरवते. निरोगी गुडघ्यात तो जेमतेम चमचाभर असतो. लोक ‘वंगण संपलं’ म्हणतात; प्रत्यक्षात दुखऱ्या, सुजलेल्या गुडघ्यात द्रव वाढलेला असतो, फक्त तो पातळ नि निकस झालेला असतो.

झिजेच्या संधिवातात कूर्चा पातळ होते, हाडाच्या कडांना काटे फुटतात, चकत्या फाटतात किंवा जागेवरून बाहेर सरकतात आणि अस्तर अधूनमधून पेटते. यातली फार महत्त्वाची गोष्ट अशी की कूर्चेला मज्जातंतू नसतात. कूर्चा झिजते तेव्हा ती स्वतः दुखत नाही. दुखते ते अस्तर, हाडाचा आतला भाग, पिशवी आणि भोवतीचे अस्थिबंध. म्हणून झीज किती यावरून वेदना किती हे ठरवता येत नाही. एक्स-रेत गुडघा पार खराब झालेला माणूस वारीला चालत जातो, आणि एक्स-रे बरा असलेली बाई रात्रभर तळमळते. दोन्ही खरे असते.

एक्स-रेची पातळी ठरवायची पद्धत केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ साली घालून दिली. शून्य ते चार अशा पायऱ्या, काटे किती आणि सांध्यातली फट किती अरुंद झाली त्यावरून. ही पद्धत आजही सर्वत्र चालते आणि ती चालायलाही हवी. हाडाचा आकार, पायाचा बाक, ऑपरेशनची गरज हे सगळे एक्स-रेशिवाय कळत नाही. तो उभ्याने, पायावर भार देऊन काढायला हवा, एवढे पथ्य पाळले तरी त्याची किंमत दुप्पट होते. पण कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. दिसते ती हाडांमधली मोकळी फट, आणि तिच्यावरून कूर्चेचा अंदाज बांधायचा. चकती बाहेर सरकली तरीही फट अरुंद होते आणि ते सगळे कूर्चेच्या खात्यावर जमा होते. सुजलेले अस्तर तर एक्स-रेला दिसतच नाही. एमआरआयमध्ये हे सगळे दिसते, हाडाच्या आतलेही दिसते, पण त्यासाठी पैसा लागतो, प्रवास लागतो आणि ताटकळावे लागते. दर गुडघ्याला एमआरआय ही गोष्ट शक्य नाही आणि गरजेचीही नाही.

सोनोग्राफी या दोहोंच्या मधली जागा भरते. तिचे तत्त्व सगळ्यांना ठाऊक आहे: कानाला न ऐकू येणारा आवाज आत सोडायचा आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून चित्र उभे करायचे. विजेच्या स्पंदनाने थरथरणाऱ्या आणि थरथरले की वीज निर्माण करणाऱ्या स्फटिकांचा गुण क्युरी बंधूंनी १८८०-८१ मध्ये दाखवला. अंगावर टेकवायच्या प्रोबच्या टोकाशी आजही त्याच गुणाचा उपयोग होतो. पोटाच्या तपासणीला कमी कंपनांचा प्रोब लागतो, कारण आवाज खोल जायला हवा. गुडघ्यासारखा वरवरचा सांधा पाहायचा तर साधारण ७ ते १५ मेगाहर्ट्झचा सरळ, पट्टीसारखा लिनियर प्रोब घेतात. १२ मेगाहर्ट्झला आवाजाच्या लहरीची लांबी मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतकी भरते, म्हणून दोन-तीन मिलिमीटर जाडीची कूर्चासुद्धा नीट मोजता येते.

सांध्यांकडे हे तंत्र वळले त्यालाही बराच काळ झाला. मेंदू पाहण्यासाठी ध्वनिलहरी वापरू पाहणाऱ्या कार्ल डुसिक या ऑस्ट्रियन डॉक्टरने सहकाऱ्यांसह १९५८ साली सांध्याभोवतीच्या ऊतींतून आवाज किती शोषला जातो याची मोजमापे छापली. १९७२ साली मॅक्डॉनल्ड आणि लिओपोल्ड यांनी गुडघ्यामागची पाण्याची गाठ आणि पायाच्या शिरेत धरलेली रक्ताची गुठळी यांतला फरक सोनोग्राफीने ओळखता येतो असे दाखवले. हा फरक जिवाशी निगडित आहे. गाठ फुटली की पोटरी सुजते, तापते, ठणकते, अगदी गुठळी झाल्यासारखी. गुठळी समजून रक्त पातळ करण्याचे औषध दिले तर फुटलेल्या गाठीत रक्तस्राव होऊ शकतो. आणि गाठ समजून गुठळी सोडून दिली तर ती फुप्फुसात जाऊ शकते. तालुक्याच्या गावी काही मिनिटांत हा निकाल लागणे याचे मोल मोठे आहे.

प्रत्यक्ष तपासणी कशी होते ते जवळून पाहू. रुग्ण पाठीवर आडवा होतो. गुडघ्याखाली चादरीची गुंडाळी ठेवतात, म्हणजे गुडघा तीसेक अंशांत वाकून सैल पडतो. थंडगार जेल लावून प्रोब वाटीच्या वर उभा धरला की पडद्यावर एकाखाली एक थर येतात: कातडी, चरबी, मांडीच्या स्नायूचा रेषारेषांचा कंडरा, त्याखाली सांध्याच्या पिशवीचा वरचा कप्पा आणि सगळ्यात खाली हाडाची लखलखीत पांढरी रेघ. निरोगी गुडघ्यात कप्प्याच्या दोन्ही भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात. पाणी असेल तर मध्ये काळी फट दिसते. ‘मावशी, मांडी आवळा’ म्हटले की आजूबाजूचे पाणी कप्प्यात येते आणि फट मोठी होते. प्रोबने हलकेच दाबले की पाणी बाजूला सरते. जे सरत नाही, करडे दिसते आणि दाबूनही जागच्या जागी राहते, ते जाड झालेले अस्तर. मग रक्तप्रवाह दाखवणारा डॉप्लर लावतात. अस्तरात लाल-केशरी ठिपके लुकलुकले तर तिथे रक्तपुरवठा वाढला आहे, म्हणजे दाह चालू आहे. हे पाहताना प्रोब अगदी हलक्या हाताने धरावा लागतो. जरा जोर पडला की बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि पेटलेला गुडघा शांत भासतो.

त्यानंतर गुडघा जमेल तितका दुमडायला सांगतात. वाटी खाली सरकते आणि मांडीच्या हाडाची खाच उघडी पडते. तिच्यावर निरोगी कूर्चा काळ्या, दोन्ही कडा रेखीव असलेल्या पट्ट्यासारखी दिसते. झीज सुरू झाली की आधी कडा पुसट होतात, मग पट्टा कुठे पातळ कुठे जाड असा होतो आणि शेवटी हाडाला हाड भिडते. पुढे प्रोब आतल्या बाजूला, सांध्याच्या रेषेवर. तिथे चकती त्रिकोणी दिसते. ती हाडाच्या कडेबाहेर तीन मिलिमीटर किंवा जास्त आली असेल तर सरकली असे धरतात. उभे राहून पाहिले तर ती आणखी बाहेर येते. उभ्याने दुखते आणि बसल्यावर थांबते याचे कारण कधी कधी असे डोळ्यांसमोर दिसते. हाडाचे काटेही इथेच दिसतात. शेवटी रुग्णाला पालथे करून गुडघ्यामागच्या खोबणीत पाण्याची गाठ आहे का ते पाहतात.

या तपासणीचा आणखी एक गुण यंत्राच्या माहितीपत्रकात लिहिलेला नसतो. पडदा रुग्णालाही दिसतो. ‘हे काळं दिसतंय ना, ते पाणी. ही पांढरी रेघ तुमचं हाड. ते धड आहे’ असे सांगता येते. सोनोग्राफी म्हणजे पोटातल्या बाळाची, एवढेच ठाऊक असलेल्या आजी आधी संकोचतात. पण स्वतःचा गुडघा आतून पाहिला की त्या प्रश्न विचारू लागतात, आणि ज्याने प्रश्न विचारला तो व्यायाम करण्याची शक्यता वाढते. गुडघ्याच्या उपचारात रुग्णाचा सहभाग हेच निम्मे औषध असल्याने मला हा लाभ फार मोठा वाटतो.

पेटलेले अस्तर किती गुडघ्यांत सापडते? युरोपात दुखऱ्या झिजलेल्या गुडघ्याच्या ६०० रुग्णांची सोनोग्राफी करून २००५ साली निष्कर्ष छापले गेले. चार मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाणी अथवा अस्तराची जाडी असेल तरच मोजायची, असा नियम ठेवला होता. ४६ टक्क्यांच्या आसपास रुग्णांत त्यांपैकी एक तरी खूण आढळली. त्यातही नुसते पाणी असलेल्यांची संख्या सर्वांत जास्त. म्हणजे ‘झीज’ म्हणून ज्यांची बोळवण होते त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांत दाह किंवा पाणी असू शकते, आणि त्याच्यावर उपाय आहे. उरलेल्या निम्म्यांत तसे काही नसते, हेही तितकेच उपयोगाचे. त्यांना सूज उतरवायचे इंजेक्शन देण्यात अर्थ नाही.

शिवाय प्रत्येक दुखरा गुडघा झिजेचाच असतो असे नाही. कूर्चेच्या वरच्या कडेवर चमकदार दुसरी रेघ दिसली तर यूरिक आम्लाचा गाउट असू शकतो. कूर्चेच्या पोटात ठिपके दिसले तर कॅल्शियमचे स्फटिक. दोन्ही गुडघ्यांबरोबर हाताची बोटे सुजली असतील आणि सकाळी तासभर आखडत असतील तर आमवाताचा विचार करायला हवा. गुडघा लाल, गरम, ताप आलेला, तर जंतुसंसर्ग मनात ठेवून पाणी काढून तपासलेच पाहिजे. सोनोग्राफी सुई कुठे घालायची ते दाखवते, आणि अंदाजाने चार ठिकाणी टोचण्याचा त्रास वाचतो.

मर्यादा स्पष्ट सांगितल्या नाहीत तर ही पुस्तिका जाहिरात ठरेल. आवाज हाडाच्या पलीकडे जात नाही. त्यामुळे हाडाच्या आतली सूज, सांध्याच्या खोल भागातली कूर्चा आणि आतले आडवे-तिडवे अस्थिबंध सोनोग्राफीत नीट दिसत नाहीत. गुडघा पुरता दुमडत नसेल तर खाचेतली कूर्चाही पाहता येत नाही. आणि सगळ्यात मोठी मर्यादा हाताची. प्रोब जरा तिरपा धरला की धडधाकट कंडरा काळा, फाटल्यासारखा दिसतो. पोटाची सोनोग्राफी उत्तम करणाऱ्यालाही सांध्यांची सोनोग्राफी वेगळी शिकावी लागते. ज्याला ती येत नाही त्याने केलेला अहवाल हा अहवाल नसलेल्यापेक्षा वाईट, कारण त्यावर विश्वास ठेवला जातो. आणि हाताने तपासणे, चालवून पाहणे, रुग्णाचे ऐकणे याला पर्याय कोणत्याही यंत्रात नाही.

एक अडचण आपल्या राज्याच्या इतिहासातून आलेली आहे. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा देशात पहिल्यांदा महाराष्ट्राने केला, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरी २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुलीच राहिल्या. म्हणून प्रत्येक सोनोग्राफी केंद्राची नोंदणी आहे. २०१२ पासूनच्या नियमांनुसार एका डॉक्टरला जिल्ह्यात जास्तीत जास्त दोन केंद्रांवर गर्भवतींच्या तपासणीची परवानगी मिळते आणि हातात नेण्याजोगे यंत्र नोंदलेल्या रुग्णालयाच्या आवारात किंवा विविध आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या दवाखान्यातच वापरता येते. गुडघा तपासायचा म्हणून पिशवीत यंत्र टाकून वाडीवर जाता येत नाही. हा नियम सैल करा, असे मी म्हणणार नाही. त्याच्यामागे न जन्मलेल्या मुलींचा हिशोब आहे. मार्ग कायद्यातच आहे. कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा कशेळे, चौक अशा ठिकाणी ठरलेल्या वारी गुडघ्यांची तपासणी ठेवता येईल. फिरत्या दवाखान्यात नोंदणीकृत यंत्र आणि शिकलेला डॉक्टर दोन्ही देता येतील.

अंतराचा प्रश्न इथे वेगळा आहे. कर्जत आणि खोपोली दोन्हींना लोकल आहे, आणि ज्याला स्टेशनपर्यंत येता येते त्याला कल्याण-ठाण्याचे दवाखाने गाठता येतात. प्रश्न स्टेशनच्या अलीकडच्या वाटेचा आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा बचावपथकांना अंधारात, पावसात पायी डोंगर चढावा लागला, हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. पायवाटेच्या वाड्या अजून आहेत. तिथल्या दुखऱ्या गुडघ्याला दवाखान्याची प्रत्येक फेरी म्हणजे आणखी एक उतार आणि आणखी एक चढ. तेव्हा एकाच फेरीत तपासणी, सोनोग्राफी, लागलेच तर पाणी काढणे आणि व्यायाम शिकवणे एवढे व्हायला हवे.

पाहून झाल्यावर करायचे काय? साठलेले पाणी काढले की दाब उतरतो. दाह असेल तर स्टिरॉइडचे इंजेक्शन काही आठवडे आराम देते, पण ते वारंवार घेऊ नये. सोनोग्राफीत दाह दिसलेल्या १४० रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ साली छापलेल्या चाचणीत दर तीन महिन्यांनी दोन वर्षे इंजेक्शन घेणाऱ्यांची कूर्चा मिठाचे पाणी टोचलेल्यांपेक्षा जास्त झिजली, आणि वेदनेत फरक पडला नाही. कायम टिकणारा उपाय म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू बळकट करणे. खाटेवर बसून पाय सरळ उचलून धरणे, खुर्चीवरून हात न लावता उठणे यांना खर्च नाही. शिकवणारा आणि पाठपुरावा करणारा माणूस हवा. वजनाबाबत फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासाने १९९२ मध्ये दाखवले की पाचएक किलो वजन उतरलेल्या स्त्रियांत पुढे गुडघेदुखी होण्याची शक्यता निम्म्याहून कमी होते. खोपोली-कर्जतच्या शहरी घरांना हा सल्ला लागू आहे. पण वीटभट्टीवरच्या अंगावर मांस नसलेल्या बाईला ‘वजन कमी करा’ सांगणे म्हणजे तिच्याकडे न पाहताच बोलणे. तिला पोटभर जेवण, बसायला चार-सहा बोटे उंच पाट आणि उंचावर ठेवलेला साचा हवा. नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या भात तंत्रात चिखलणी आणि लावणी दोन्ही टळतात. गादीवाफ्यावर बी टोकतात. ते जमीन नि खर्च यांच्या विचाराने पुढे आले, तरी गुडघ्यांच्या दृष्टीने त्याचा विचार व्हावा असे मला वाटते.

आणि जिथे सांधा खरोखर संपला आहे तिथे ऑपरेशनची भीती घालू नये, ते मागेही ठेवू नये. पुण्याच्या डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीयांच्या बसण्या-उठण्याचा विचार करून ‘इंडस’ हा देशी कृत्रिम गुडघा तयार केला. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली. सोनोग्राफीचे काम ऑपरेशन टाळणे हे नाही. ज्याला गरज नाही त्याला त्याच्या धाकातून सोडवणे आणि ज्याला गरज आहे त्याला वेळेत पाठवणे हे आहे.

पुढच्या प्रकरणांत गुडघ्याची रचना, प्रोब धरण्याच्या जागा, प्रत्येक खुणेचे चित्र आणि अर्थ, चुका कुठे होतात आणि अहवाल मराठीत कसा लिहावा हे क्रमाने येईल. तालुक्यातले डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, परिचारिका आणि आशाताई यांच्यासाठी ती लिहिली आहेत. शेवटची दोन प्रकरणे रुग्णाने आणि घरच्यांनी वाचावीत. ज्यांना प्रोब कधीच हातात घ्यायचा नाही त्यांनाही अहवाल वाचता यावा आणि चुकीच्या अहवालाला प्रश्न विचारता यावा, एवढी तयारी त्यातून व्हावी.

वाचकाकडून माझी अपेक्षा एवढीच आहे. यापुढे कोणत्याही गुडघ्याच्या कागदावर ‘झीज’ एवढाच शब्द लिहून थांबू नका. पाणी आहे की नाही, अस्तर पेटले आहे की नाही, चकती जागेवर आहे की नाही, हे त्याच्या खाली लिहा, आणि रुग्ण कोणते काम करतो तेही लिहा. रुग्णांनीही यातले पहिले तीन प्रश्न डॉक्टरांना विचारावेत. गुडघ्यांवर ज्यांचे पोट आहे त्यांना इतके पाहून घेण्याचा हक्क आहे, आणि तो आपल्या तालुक्यात, आपल्या भाषेत मिळायला हवा.